कर्मचारी-वैज्ञानिक अनुदाने, कर्करोग संशोधनातील

कर्करोगविषयक प्रयोगशाळांमध्ये स्वतंत्र प्रमुखपद न स्वीकारता संशोधनाचेच कार्य व्यवसाय म्हणून दीर्घकाळ करणाऱ्या अनुभवी वैज्ञानिकांचे वेतन भागविण्यासाठी शासनाकडून अथवा धर्मादाय निधीकडून मिळणारे आर्थिक साहाय्य. अशा वैज्ञानिकांना अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत (अ. सं. सं.) ‘स्टाफ सायंटिस्ट’ म्हणतात, प्रस्तुत नोंदीत त्यांच्यासाठी ‘कर्मचारी-वैज्ञानिक’ ही संज्ञा वापरली आहे. संशोधन-अनुदाने सामान्यतः एखाद्या प्रस्तावाला दिली जातात व तो प्रस्ताव मांडणाऱ्या प्रमुख अन्वेषकाच्या नावे मंजूर होतात. प्रयोगशाळेतील इतर सर्वांचे वेतन त्या रकमेतून निघते व अनुदानाची मुदत संपली की त्यांच्या सेवेचाही आधार संपतो. कर्मचारी-वैज्ञानिक अनुदानात हा क्रम बदलतो : अनुदान प्रस्तावाला न मिळता व्यक्तीला मिळते आणि तिच्या सेवेची मुदत प्रमुखाच्या अनुदानाच्या मुदतीपासून काही अंशी अलग होते. या प्रकारची सर्वांत ठळक योजना अ. सं. सं. मधील ‘नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट’ या शासकीय संस्थेने २०१६ मध्ये सुरू केली.

कर्मचारी-वैज्ञानिकाचे कार्य : कर्करोगाच्या आधुनिक प्रयोगशाळेत कामाचे तीन स्तर ढोबळमानाने दिसतात. संशोधनाची दिशा ठरविणारा, निधी मिळविणारा व निष्कर्षांची जबाबदारी घेणारा प्रमुख अन्वेषक हा पहिला स्तर होय. पीएच्.डी. साठी काम करणारे विद्यार्थी आणि पीएच्.डी. नंतर काही वर्षे अनुभव घेणारे अधिछात्र हा दुसरा स्तर होय. हे सर्व शिकाऊ असून काही वर्षांनी प्रयोगशाळा सोडून जाणार हे गृहीतच असते. तिसऱ्या स्तरावर कर्मचारी-वैज्ञानिक येतात. त्यांच्यापैकी पुष्कळांनी पीएच्.डी. पदवी मिळविलेली असते, काहींजवळ एम्.एस्सी. अथवा वैद्यकाची पदवी असते. अर्बुदाच्या ऊतकातून कोशिका वेगळ्या करून त्यांचे संवर्धन करणे, जनुकीय बदल केलेल्या उंदरांच्या वसाहती सांभाळणे, सूक्ष्मदर्शनाची व कोशिकागणनाची गुंतागुंतीची उपकरणे चालविणे, जीनोमच्या अनुक्रमांचे संगणकीय विश्लेषण करणे, रुग्णांकडून मिळालेल्या नमुन्यांच्या नोंदी ठेवणे व नव्या विद्यार्थ्यांना हात धरून तंत्र शिकविणे, ही कामे मुख्यतः त्यांच्याकडे असतात.

यांतील बरेचसे ज्ञान छापील कार्यपद्धतीत उतरत नाही. एखाद्या कोशिकामालिकेची वाढ मंदावली असता दोष संवर्धन-द्रवात आहे की सूक्ष्मजंतूंच्या छुप्या संसर्गात आहे, हे बऱ्याच वर्षांच्या सवयीनेच ओळखता येते. अशी व्यक्ती प्रयोगशाळा सोडून गेली म्हणजे पेटीतील नमुने व वहीतील नोंदी मागे राहतात. त्यांचा अर्थ लावण्याचे कौशल्य मात्र राहत नाही.

कामाचा हा स्तर दुर्लक्षित राहण्याचे एक सर्वज्ञात उदाहरण १९५१ सालचे आहे. अ. सं. सं. मधील बॉल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेन्‍रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय महिलेच्या गर्भाशयग्रीवेच्या कर्करोगाचा नमुना, तिची संमती न घेता, जॉर्ज गे यांच्या ऊतकसंवर्धन प्रयोगशाळेकडे पाठविण्यात आला. त्याचे बारीक तुकडे करून संवर्धन सिद्ध करण्याचे काम मेरी क्युबिचेक या प्रयोगशाळा-साहाय्यिकेने केले. मानवी कोशिकांची पहिली अमर मालिका अशी तयार झाली व लॅक्स यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ती ‘हेला’ या नावाने जगभर पसरली. ज्या हातांनी हे संवर्धन प्रथम साधले, त्यांचे नाव पुष्कळ काळ फारच थोड्यांना ठाऊक होते.

अनुदानपद्धतीचा उदय : नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटची स्थापना ५ ऑगस्ट १९३७ रोजी राष्ट्राध्यक्ष फ्रँक्लिन रूझवेल्ट यांनी स्वाक्षरी केलेल्या अधिनियमाने झाली. संस्थेने स्वतः संशोधन करावे व त्याबरोबरच बाहेरील विद्यापीठांना व संस्थांना अनुदाने द्यावीत, अशी तरतूद या अधिनियमात होती. १९४४ च्या सार्वजनिक आरोग्य सेवा अधिनियमाने ही संस्था ‘नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ’ या संघाचा भाग बनली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर विद्यापीठांकडे जाणारा निधी झपाट्याने वाढला. प्रस्तावांची छाननी त्या त्या विषयातील बाहेरच्या तज्ज्ञांच्या मंडळांनी करावी, ही पद्धतही याच काळात रूढ झाली. २३ डिसेंबर १९७१ रोजी राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी राष्ट्रीय कर्करोग अधिनियमावर स्वाक्षरी केली व त्यानंतर कर्करोग संशोधनाच्या निधीत मोठी भर पडली.

या व्यवस्थेचा मूलभूत घटक म्हणजे ‘आर-०१’ या संकेताने ओळखले जाणारे प्रकल्प-अनुदान होय. ते सामान्यतः चार ते पाच वर्षांसाठी असते व मुदतीअखेर नूतनीकरणासाठी पुन्हा स्पर्धेत उतरावे लागते. उत्तम कल्पनांना संधी मिळावी, राजकीय दबावास वाव राहू नये व निष्फळ कामावरील खर्च थांबावा, हे या पद्धतीचे हेतू होत. गेल्या अर्धशतकातील कर्करोगविषयक अनेक मूलगामी शोध याच अनुदानांतून निष्पन्न झाले, हे तिचे मोठे यश मानावे लागते.

पद्धतीची घडण व तिचे परिणाम : प्रकल्प-अनुदानाच्या घडणीतच कर्मचारी-वैज्ञानिकाची अडचण दडलेली आहे. प्रमुख अन्वेषकाला मर्यादित रकमेत जास्तीत जास्त काम करून घ्यावयाचे असते. विद्यार्थी व अधिछात्र यांना विद्यावेतन द्यावे लागते, तर दहा-पंधरा वर्षांच्या अनुभवी वैज्ञानिकाला पूर्ण वेतन व सेवालाभ द्यावे लागतात आणि हा खर्च दरवर्षी वाढत जातो. नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थने १९९९ मध्ये अर्जाची एक सुलभ पद्धत सुरू केली. वार्षिक प्रत्यक्ष खर्च २,५०,००० डॉलरांपर्यंत असल्यास तपशीलवार अंदाजपत्रकाऐवजी २५,००० डॉलरांच्या पटीत रक्कम मागता येऊ लागली. त्यानंतर दोन दशकांहून अधिक काळ वेतने व रसायनांच्या किंमती वाढत गेल्या, तरी ही मर्यादा तेवढीच राहिली. अशा अंदाजपत्रकात एका ज्येष्ठ वैज्ञानिकाचे पूर्ण वेतन बसविले, तर उरलेल्या रकमेत प्रयोग चालविणे कठीण होते. परिणामी अनुभवी माणसापेक्षा शिकाऊ माणूस परवडतो आणि प्रयोगशाळांचा कल साहजिकच तिकडे झुकतो.

याचा दुसरा परिणाम मनुष्यबळाच्या रचनेवर झाला. १९९८ ते २००३ या पाच वर्षांत नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थचा अर्थसंकल्प सु. १३·६ अब्ज डॉलरांवरून सु. २७ अब्ज डॉलरांवर, म्हणजे जवळजवळ दुपटीवर गेला. विद्यापीठांनी नव्या इमारती उभारल्या, विद्यार्थी वाढविले. परंतु त्यानंतर निधीची वाढ थांबली. पीएच्.डी. धारकांची संख्या मात्र वाढतच राहिली आणि तितकी प्राध्यापकपदे निर्माण झाली नाहीत. पहिले आर-०१ अनुदान मिळण्याचे सरासरी वय १९८० च्या सुमारास छत्तिशीच्या आसपास होते, ते पुढे पीएच्.डी. धारकांच्या बाबतीत सु. ४२ वर्षांपर्यंत गेले. स्वतंत्र प्रयोगशाळा मिळविणे किंवा संशोधन सोडणे, असे दोनच मार्ग बहुतेकांपुढे उरले. ज्याला प्रयोगाचे काम उत्तम येते व आवडते, पण निधीसाठी सतत अर्ज करण्यात आयुष्य घालवावयाचे नाही, अशा वैज्ञानिकासाठी व्यवस्थेत प्रतिष्ठेची जागा नव्हती.

स्पर्धेची तीव्रता पुढील काळात आणखी वाढली. तज्ज्ञ मंडळांनी दिलेल्या गुणांवरून प्रस्तावांची शतमकांत क्रमवारी लावतात. शतमक जितके लहान तितका प्रस्ताव वरचा. ज्या क्रमांकापर्यंतचे प्रस्ताव मंजूर होतात, त्यास मंजुरी-रेषा म्हणता येईल. नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटची प्रस्थापित अन्वेषकांच्या आर-०१ प्रस्तावांसाठीची ही रेषा २०२४ या वित्तीय वर्षात दहाव्या शतमकावर होती. २०२५ मध्ये ती चौथ्या शतमकापर्यंत खाली आली. त्या वर्षी अनेक अनुदानांची सर्व वर्षांची रक्कम एकदम देण्याचे धोरण स्वीकारल्याने नव्या प्रस्तावांसाठी कमी निधी उरला, हे त्याचे एक प्रमुख कारण होते. प्रमुख अन्वेषकाचा प्रस्ताव एका फेरीत नाकारला गेला, तर तो पुढील फेरीची वाट पाहू शकतो. कारण त्याचे पद बहुधा विद्यापीठाचे असते. कर्मचारी-वैज्ञानिकाचे वेतन मात्र त्या महिन्यापासूनच बंद होण्याचा संभव असतो.

सातत्याची गरज : कर्करोग हा दीर्घकाळ घडत जाणारा रोग असल्याने त्याच्या संशोधनातील काही साधनेही दीर्घकाळानेच तयार होतात. उदा., प्रयोगासाठी उंदरांचा शुद्ध वंश तयार करावयाचा असेल, तर सख्ख्या भावंडांचा संकर किमान वीस पिढ्या सलग घडवून आणावा लागतो. उंदराच्या एका पिढीस सु. तीन महिने धरले, तरी या कामास पाच वर्षे लागतात. म्हणजे वंश सिद्ध होईतो एका अनुदानाची मुदत संपून जाते. त्यानंतरही वंशाची शुद्धता राखणे, प्रत्येक पिढीतील अर्बुदांचे प्रमाण नोंदविणे ही कामे चालूच ठेवावी लागतात. मध्येच काही महिन्यांचा खंड पडला, तर पूर्वीचे सर्व श्रम वाया जातात.

दक्षतेच्या अभावी काय घडते, याचा धडा हेला कोशिकांनीच दिला. या कोशिका इतक्या जोमाने वाढतात की, हाताळणीतील किंचित निष्काळजीपणामुळेही त्या दुसऱ्या संवर्धनात शिरून तेथील मूळ कोशिकांना नाहीसे करतात. १९६६ मध्ये स्टॅन्ली गार्टलर या आनुवंशिकीविज्ञांनी एका एंझाइमाच्या प्रकारावरून असे दाखवून दिले की, निरनिराळ्या व्यक्तींच्या व ऊतकांच्या म्हणून वापरात असलेल्या अनेक कोशिकामालिका प्रत्यक्षात हेलाच होत्या. १९७० नंतरच्या दशकात वॉल्टर नेल्सन-रीस यांनी गुणसूत्रांच्या परीक्षणाने अशी आणखी उदाहरणे उजेडात आणली. स्तनाच्या अथवा यकृताच्या कर्करोगाविषयी म्हणून प्रसिद्ध झालेले काही निष्कर्ष वस्तुतः गर्भाशयग्रीवेच्या कर्करोगाच्या कोशिकांवरचे होते, असा याचा अर्थ झाला. जानेवारी २०१६ पासून नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थने अर्जातच कोशिकामालिकांसारख्या मुख्य साधनांच्या सत्यतेची पडताळणी कशी केली जाईल, हे सांगणे आवश्यक केले. ही पडताळणी नित्यनेमाने करणारा माणूस प्रयोगशाळेत टिकला पाहिजे, हे त्यातून ओघानेच येते. म्हणून कर्मचारी-वैज्ञानिकांच्या वेतनाचा प्रश्न केवळ सेवाशर्तींचा राहत नाही. निष्कर्षांच्या विश्वसनीयतेशी व अंतिमतः त्यांवर आधारलेल्या उपचारांशी त्याचा संबंध पोहोचतो.

सुधारणेचे प्रयत्न : नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थने नेमलेल्या जीववैद्यकीय मनुष्यबळविषयक कार्यगटाने २०१२ मध्ये सादर केलेल्या अहवालात कर्मचारी-वैज्ञानिकांच्या पदांना उत्तेजन देण्याची शिफारस केली. २०१४ मध्ये ब्रूस ॲल्बर्ट्‌स, मार्क कर्शनर, शर्ली टिल्घमन व हॅरल्ड व्हार्मस या चार नामवंत जीववैज्ञानिकांनी एका संयुक्त लेखात अमेरिकन जीववैद्यकीय संशोधनातील रचनात्मक दोषांची चर्चा केली. शिकाऊ मनुष्यबळावरील अवलंबन कमी करावे व त्याऐवजी कायम स्वरूपाच्या कर्मचारी-वैज्ञानिकांचे प्रमाण वाढवावे, असे त्यांचे मत होते. यांपैकी व्हार्मस यांना अर्बुदजनक जीनांच्या उगमाविषयीच्या संशोधनाबद्दल १९८९ चे नोबेल पारितोषिक जे. मायकेल बिशप यांच्यासमवेत विभागून मिळाले होते. २०१० ते २०१५ या काळात ते नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटचे संचालक होते. त्यामुळे या विचाराला योजनेचे रूप देणे शक्य झाले.

‘रिसर्च स्पेशॅलिस्ट अवॉर्ड’ (संकेत : आर-५०) या नावाच्या या योजनेसाठी २०१६ पासून अर्ज मागविण्यात आले. स्वतंत्र अन्वेषक होऊ न इच्छिणाऱ्या, परंतु चालू असलेल्या कर्करोग संशोधन कार्यक्रमात असाधारण योगदान देणाऱ्या वैज्ञानिकांना स्थिर व्यवसाय उपलब्ध करून देणे, हा तिचा घोषित हेतू होता. तिची मुख्य वैशिष्ट्ये पुढीलप्रमाणे होती : (१) अनुदान कर्मचारी-वैज्ञानिकाच्या स्वतःच्या नावे मंजूर होई. (२) मुदत पाच वर्षांपर्यंत असे. (३) रक्कम मुख्यतः वेतनासाठी असे. प्रयोगांचा खर्च प्रमुखाच्या अनुदानातून चाले. (४) अर्जदारास तो ज्या विभागात काम करी त्याच्या प्रमुखाचे नामनिर्देशन लागे. (५) पीएच्.डी. व वैद्यकाच्या पदवीबरोबरच एम्.एस्सी. सारखी पदव्युत्तर पदवीही पात्रतेस पुरेशी मानली जाई.

प्रयोगशाळेतील वैज्ञानिक आणि अनेक प्रयोगशाळांना मिळून सेवा देणाऱ्या सामाईक उपकरण-केंद्रांतील वैज्ञानिक, असे दोन वर्ग योजनेत होते; पुढे चिकित्सालयीन चाचण्यांत भाग घेणाऱ्या वैद्यांसाठी तिसरा वर्ग जोडण्यात आला. छाननीच्या निकषांतही फरक होता. नेहमीच्या अर्जात प्रस्तावातील कल्पनेचे नावीन्य पाहतात. येथे मुख्य प्रश्न असा की, ही व्यक्ती नसती, तर या कार्यक्रमाचे काय झाले असते? संशोधन-लेखांत अशा वैज्ञानिकांची नावे बहुधा मध्ये कोठेतरी येतात. प्रथम लेखकाचे स्थान विद्यार्थ्यास व अखेरचे प्रमुखास देण्याचा जीववैद्यकात प्रघात असल्याने, केवळ लेखांच्या यादीवरून त्यांचे कार्य मोजता येत नाही. त्यांनी विकसित केलेली तंत्रे, घडविलेले विद्यार्थी व इतर प्रयोगशाळांना केलेले साहाय्य यांची दखल घेण्यास या योजनेने अवसर दिला, ही तिची महत्त्वाची कामगिरी होय.

योजनेच्या मर्यादा : पाच वर्षांनी पुन्हा स्पर्धेस सामोरे जावे लागत असल्याने मिळणारे स्थैर्य सापेक्षच असे, असुरक्षिततेचा काळ लांबे, संपत नसे. कार्यक्रमाच्या प्रमुखाला नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटचे अनुदान असावे लागत असल्याने त्याच्या यशापयशापासून कर्मचारी-वैज्ञानिक पूर्णपणे मुक्त होत नसे; नामनिर्देशनाच्या अटीमुळे त्याची मर्जी राखणेही भाग पडे. देशभरातील कर्मचारी-वैज्ञानिकांच्या मानाने मंजूर होणारी अनुदाने फारच थोडी असत. आणखी एक आक्षेप तत्त्वाचा आहे. ज्या सेवेवाचून प्रयोगशाळा चालू शकत नाही, तिचा खर्च संस्थेनेच आपल्या स्थायी निधीतून केला पाहिजे. वैयक्तिक पुरस्काराच्या वाटेने तो भागविल्यास संस्था आपल्या जबाबदारीतून सुटतात, असे काही टीकाकार म्हणतात.

याला संस्थांचे उत्तर असे की, त्यांचे उत्पन्नही बव्हंशी अनुदानांशीच जोडलेले असते. प्रत्यक्ष प्रकल्पखर्चाव्यतिरिक्त इमारत, वीज, प्राणिगृह, प्रशासन यांच्यासाठी शासन ‘अप्रत्यक्ष खर्च’ म्हणून वेगळी रक्कम देते व तिचा दर प्रत्येक संस्थेशी वाटाघाटी करून ठरतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये हा दर सर्व संस्थांसाठी सरसकट १५ टक्के करण्याची घोषणा झाली. विद्यापीठे व राज्ये न्यायालयात गेली आणि संघीय न्यायालयाने तिची अंमलबजावणी रोखली. एका प्रशासकीय आदेशाने संपूर्ण व्यवस्थेस धक्का बसू शकतो, हे या प्रसंगाने दिसून आले.

इतर देशांतील व्यवस्था : फ्रान्समध्ये आरोग्य-संशोधनाची राष्ट्रीय संस्था ‘इन्सर्म’ (स्थापना १९६४) व वैज्ञानिक संशोधनाचे राष्ट्रीय केंद्र यांच्या सेवेतील संशोधक व संशोधन-अभियंते हे स्पर्धापरीक्षेतून निवडलेले कायम शासकीय सेवक असतात. प्रकल्पनिधी थांबला, तरी त्यांचे वेतन थांबत नाही. मात्र अशी पदे मोजकी असल्याने ती मिळेपर्यंत तरुण संशोधकांना अल्पमुदतीच्या करारांवर वाट पाहावी लागते. जर्मनीत हायडल्‌बर्ग येथे १९६४ मध्ये स्थापन झालेले जर्मन कर्करोग संशोधन केंद्र हे शासकीय पायाभूत निधीवर चालते. तथापि २००७ च्या एका कायद्याने वैज्ञानिकांच्या मुदतबंद करारांवर पीएच्.डी. पूर्वी सहा व नंतर सहा वर्षे अशी मर्यादा घातली. वैद्यकशास्त्रात नंतरची मुदत नऊ वर्षे आहे. सेवेत कायम करण्यास संस्थांना भाग पाडावे, हा तिचा हेतू होता. पण मर्यादा संपताच अनुभवी संशोधकास निरोप देण्यात येतो, अशी टीका तिच्यावर झाली. ब्रिटनमध्ये इंपीरियल कॅन्सर रिसर्च फंड (१९०२) व कॅन्सर रिसर्च कॅंपेन (१९२३) यांच्या विलीनीकरणातून २००२ मध्ये ‘कॅन्सर रिसर्च यूके’ ही धर्मादाय संस्था अस्तित्वात आली. तिचा निधी प्रामुख्याने सामान्य जनतेच्या देणग्यांतून उभा राहतो. लंडनमधील फ्रान्सिस क्रिक इन्स्टिट्यूट या संस्थेस तिच्याकडून व इतर दोन मोठ्या निधींकडून पायाभूत अनुदान मिळते आणि तेथील सामाईक तंत्रकेंद्रांतील वैज्ञानिकांचा खर्च त्यातून भागतो.

या तुलनेवरून असे दिसते की, स्थैर्य व स्पर्धा यांचे प्रमाण प्रत्येक देशाने वेगळे ठेवले आहे. कायम पदांनी कौशल्य टिकते, पण नव्यांना जागा कमी मिळते. प्रकल्पनिधीने नव्या कल्पनांना वाव मिळतो, पण जुने कौशल्य विखुरते.

भारतातील स्थिती : भारतात कर्करोग संशोधनाचा आरंभ प्रामुख्याने मुंबईत झाला. टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. तेथील विकृतिविज्ञ वसंत रामजी खानोलकर यांच्या नेतृत्वाखाली १९५२ मध्ये परळ येथे ‘इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर’ ही स्वतंत्र संशोधनसंस्था स्थापन झाली. १९६६ मध्ये रुग्णालय व ही संस्था यांचे एकत्रीकरण होऊन अणुऊर्जा विभागाच्या प्रशासनाखालील टाटा मेमोरियल सेंटर अस्तित्वात आले. २००२ मध्ये संशोधनशाखा नवी मुंबईतील खारघर येथे हलविण्यात आली. संस्थेच्या आरंभकाळात कमल रणदिवे (१९१७–२००१) यांनी बॉल्टिमोर येथे जॉर्ज गे यांच्याच प्रयोगशाळेत अनुभव घेऊन मुंबईत ऊतकसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण अधिक असणारा उंदरांचा एक शुद्ध वंशही या संस्थेत सिद्ध झाला व तो संस्थेच्या आद्याक्षरांवरून ‘आयसीआरसी’ वंश म्हणून ओळखला जातो. अशी कामे पिढ्यान्‌पिढ्या चालू राहू शकली, याचे एक कारण तेथील वैज्ञानिक व तंत्रज्ञ यांची पदे संस्थेच्या आस्थापनेवर होती, प्रकल्पावर नव्हती.

अणुऊर्जा विभागाच्या संस्थांत वैज्ञानिक अधिकारी व वैज्ञानिक साहाय्यक अशी नियमित पदे असून त्यांना गुणवत्तेनुसार बढती मिळते. प्रमुख अन्वेषक नसलेल्या वैज्ञानिकालाही तेथे सेवेची हमी असते. विद्यापीठांत मात्र चित्र वेगळे आहे. तेथील बहुतेक संशोधन भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, जैवतंत्रज्ञान विभाग यांसारख्या संस्थांच्या प्रकल्पांवर चालते. प्रकल्पाची मुदत सामान्यतः तीन वर्षे असते व त्यावरील नियुक्तिपत्रात सेवा प्रकल्पाबरोबर संपेल असे स्पष्ट लिहिलेले असते. जानेवारी २०२३ पासून कनिष्ठ संशोधन अधिछात्रास मासिक ३७,००० रु. व ज्येष्ठ अधिछात्रास ४२,००० रु. असे दर लागू झाले. विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने २०२० मध्ये प्रकल्प-वैज्ञानिकांच्या तीन श्रेणी ठरवून त्यांच्यासाठी अनुक्रमे ५६,०००, ६७,००० व ७८,००० रु. मासिक वेतन निश्चित केले. या श्रेणींमुळे अनुभवी संशोधकास पदनाम मिळाले. पण पद प्रकल्पाचेच राहिले. एका प्रकल्पातून दुसऱ्यात जात दहा-पंधरा वर्षे काम केलेल्या व्यक्तीची सेवा सलग मोजली जात नाही.

व्यक्तीला अनुदान देण्याची कल्पना भारतास नवी नाही. परदेशातून परतणाऱ्या उच्चशिक्षितांना नियमित पद मिळेपर्यंत आधार द्यावा, म्हणून वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने १९५८ मध्ये ‘सायंटिस्ट्स पूल’ ही योजना सुरू केली होती. पुढे रामलिंगस्वामी अधिछात्रवृत्ती, तसेच २००८ मध्ये स्थापन झालेल्या जैवतंत्रज्ञान विभाग व वेलकम ट्रस्ट यांच्या संयुक्त संस्थेच्या अधिछात्रवृत्ती यांनीही वैयक्तिक साहाय्य दिले. परंतु या सर्वांचा रोख भावी स्वतंत्र अन्वेषक घडविण्याकडे होता. प्रमुख न होता आयुष्यभर उत्तम प्रयोग करू इच्छिणाऱ्यांसाठी आर-५० सारखी व्यवस्था त्यांत नव्हती. २०२३ च्या अधिनियमाने स्थापन झालेल्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाकडे विद्यापीठांतील संशोधनास बळ देण्याचे कार्य सोपविण्यात आले आहे. केवळ प्रकल्पांची संख्या वाढवून विद्यापीठांतील प्रयोगशाळा सुदृढ होणार नाहीत. त्यांतील उपकरणे व संवर्धने वर्षानुवर्षे सांभाळणाऱ्या माणसांची सोयही करावी लागेल.

मूल्यमापन : कर्मचारी-वैज्ञानिक अनुदानांनी संशोधनव्यवस्थेतील असमतोल पूर्णपणे दूर होईल, अशी अपेक्षा त्यांच्या पुरस्कर्त्यांनीही केलेली नाही. त्यांचे महत्त्व त्यांनी मान्य केलेल्या तत्त्वात आहे. वैज्ञानिक कार्याला नेतृत्वाइतकीच निपुणतेचीही गरज असते, आणि निपुणतेला स्वतःचा दर्जा, वेतन व मुदत असावी लागते, हे तत्त्व होय. ते व्यवहारात उतरविण्याचे तीन मार्ग आजवर दिसतात : संस्थांना पायाभूत निधी देऊन कायम पदे निर्माण करणे, सामाईक उपकरण-केंद्रांना स्वतंत्र अनुदान देणे व व्यक्तीला थेट साहाय्य करणे. यांतील पहिला सर्वांत स्थिर, पण सर्वांत खर्चिक व बदलास मंद आहे. तिसरा लवचिक, पण अनिश्चित आहे. ज्या संस्थांनी तिन्हींचा मेळ घातला, त्यांत अनुभवी मनुष्यबळ टिकण्याची शक्यता अधिक राहते. कर्करोगाच्या रुग्णाचा नमुना एकदाच मिळतो आणि तो हाताळण्यात झालेली चूक पुढील कोणत्याही अनुदानाने भरून काढता येत नाही. तो कोणाच्या हाती जातो व ते हात प्रयोगशाळेत किती वर्षे राहतात, हे ठरविण्यात निधीच्या रचनेचा मोठा वाटा असतो.